मेणबत्तीची किंमत कशी काढता? माझा हिशेब कुठेतरी चुकतोय

वाईकरीण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच काहीतरी विचारतेय. लांबलंय, पण आकड्यांसकट लिहिल्याशिवाय कळणार नाही.

मी वाईला असते. १९ वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे वजनकाटा, थर्मामीटर यांचं भय नाही. रुपये आले की मात्र गोंधळते. दीड वर्षापासून घरी सोया वॅक्सच्या सुगंधी मेणबत्त्या करते. महिन्याला साधारण ६० नग. आतापर्यंत ओळखीत, भिशीत आणि शेजारच्या दोन सोसायट्यांतच गेल्या, २२० रुपयांना एक.

आता पाचगणीतला एक दुकानदार तयार झालाय. माल त्याच्याकडे ठेवायचा, एमआरपी २९९ छापायची, विकेल त्यातले ३५ टक्के त्याचे. जे विकलं जाणार नाही ते परत. ऐकून मी हुरळले, कारण २२० च्या जागी २९९!

एका जारला मला येणारा खर्च असा. मेण, काच हे घरपोच पडतं त्या भावाने धरलंय, म्हणजे जीएसटी आणि ट्रान्सपोर्ट त्यातच आलं.

सोया वॅक्स १४८ ग्रॅम, ३२० रुपये किलोने: ४७.४०
सुगंधी तेल १२ ग्रॅम, २२०० रुपये किलोने: २६.४०
२०० मिलीचा काचेचा जार, झाकणासकट: ४८
वात, तिची पत्र्याची चकती आणि चिकटपट्टी: ५
लेबल आणि तळाची सूचना: ६
खोका: १८

बेरीज १५०.८०, म्हणजे १५१ रुपये. (जार २०० मिलीचा असला तरी वर बोटभर जागा सोडावी लागते आणि मेण पाण्यापेक्षा हलकं, म्हणून आत तेलासकट १६० ग्रॅमच बसतं. सुरुवातीला मी २०० ग्रॅम धरून बसले होते.)

२९९ मधून त्याचे ३५ टक्के गेले की माझ्या हाती १९४ येतात. १५१ वजा केले की ४३ सुटतात. ओळखीत २२० ला दिली तर ६९ सुटतात. म्हणजे किंमत वाढली आणि फायदा कमी झाला, हे काही माझ्या डोक्यात शिरेना.

दुसरं असं की मजुरी धरायची का? आमच्या जाऊबाई म्हणतात, "घरबसल्या तर करतेस, मजुरी कसली लावतेस स्वतःला?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही, कारण तो वेळ मी एरवी टीव्हीपुढेच घालवला असता.

आणि तिसरं, वाया गेलेला माल. जानेवारीत एकदा सकाळी साडेसहाला ओतायला बसले. वाईची थंडी माहीत असेल तर कळेल. मेण नेहमीसारखं ५८ अंशांवर उतरवलं होतं, पण ओट्यावर मांडलेले जार बर्फासारखे. दुपारी बघते तर २४ पैकी ११ जारांत मेण काचेपासून सुटलेलं, बाहेरून ओले डाग पडल्यासारखं दिसत होतं. जळायला त्या उत्तम जळतात, पण देणार कुणाला? मेण परत वितळवलं, वाती गेल्या, लेबलं गेली, अख्खी दुपार गेली. तेव्हापासून जार आधी कोमट ओव्हनमध्ये ठेवते आणि थंडीत उन्हं वर आल्याशिवाय ओतत नाही. पण त्या ११ जारांचा खर्च कुणाच्या माथी मारायचा?

दुकानदाराला पुढच्या आठवड्यात सांगायचंय. आकडे कुठे चुकले ते बिनधास्त सांगा.

खतावणी

ताई, आकडे कुठेच चुकले नाहीत. अर्धेच लिहिलेत. तुम्ही काढलेला १५१ हा सामानाचा खर्च आहे, मेणबत्तीचा नाही.

मी इचलकरंजीला दोन-तीन घरगुती मसालेवाल्यांचे हिशेब बघतो. तिथेही हेच. मिरचीचा भाव तोंडपाठ, पण कांडपापासून पाकिटापर्यंत किती तास गेले ते विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पुढची खेप कराल तेव्हा घड्याळ लावा. जार पुसण्यापासून भांडी घासण्यापर्यंत. लिहून काढा आणि इथे टाका, मग बोलू. आणि मजुरीसाठी एवढंच सांगा, उद्या तुम्ही आजारी पडलात आणि हेच काम गल्लीतल्या एखादीला दिलं, तर ती तासाला काय घेईल?

वाईकरीण

काल २४ ची खेप केली, वही जवळ ठेवूनच.

जार पुसणे, वाती चिकटवणे ५० मिनिटं. मेण वितळवणे, तेल घालून ढवळणे, ओतणे दीड तास. दुसऱ्या दिवशी वरचा थर हीट गनने सारखा करणे अर्धा तास. वाती कापणे, लेबलं, खोके १ तास २० मिनिटं. आणि मेणाची भांडी, ज्यांचा मला मनापासून राग आहे, ४० मिनिटं.

एकूण ४ तास ५० मिनिटं झाले. मला वाटलं होतं फार तर तीन होतील.

इकडे घरी येऊन काम करणाऱ्या बाया अशा बसकामाला तासाला ८० रुपये सांगतात.

खतावणी

झालं तर मग. २९० मिनिटं भागिले २४, म्हणजे नगाला १२ मिनिटं. ८० च्या दराने १६ रुपये. टीव्हीपुढचा वेळ फुकट असतो हे खरं, पण तो तुमचा आहे, पाचगणीच्या दुकानदाराला भेट द्यायला नाही. जाऊबाईंना सांगा.

खराब माल: जानेवारीतला तो एक दिवस सरासरीत घेऊ नका, त्यावर उपाय सापडलाय तुम्हाला. पण दर खेपेत २४ मागे एखादा तडकतो, एखादा डागाळतो. ५ टक्के धरा, १५१ वर साडेसात रुपये. सहा महिने वहीत लिहा, मग हा आकडा माझा न राहता तुमचा होईल.

वरकड: गॅस-वीज, पाचगणीच्या खेपा, नवीन वासाची मेणबत्ती आधी घरी जाळून बघता त्या, फोन, चिकटपट्ट्या. महिन्याचे ६०० धरू, ६० नगांवर १० रुपये.

१५१ + १६ + ७.५० + १० = १८४.५०. चला, १८५.

आता पुन्हा दुकानाकडे या. हाती येणार १९४, खर्च १८५. नगामागे ९ रुपये. २४ नग ठेवलेत आणि कुणा पर्यटकाच्या पोराने दोन फोडले, तर बाकीच्या २२ चे मिळून १९८ मिळतात आणि फुटलेल्या दोनांचे ३७० जातात. फुटलं तर भरायचं कुणी, हे त्याने सांगितलंय का? कमिशनवर ठेवलेला माल विकेपर्यंत तुमचाच असतो, हे लक्षात ठेवा.

बरं, किंमत उलट्या बाजूने काढायची. १८५ वर २५ टक्के फायदा हवा म्हणजे २३१ हातात पडले पाहिजेत. इथे सगळे घसरतात. २३१ वर ३५ टक्के चढवतात, ३१२ छापतात आणि खूश होतात. पण दुकानदार ३५ टक्के कापणार ३१२ वर. उरतात २०३. तुमचा फायदा अर्ध्याहून जास्त त्यातच गेला. गुणायचं नाही, भागायचं. २३१ भागिले ०.६५, म्हणजे ३५५. ही तुमची एमआरपी.

अजून एक. पॅकबंद मालावर एमआरपी, निव्वळ वजन, महिना-वर्ष, तुमचं नाव-पत्ता आणि ग्राहकाने तक्रारीसाठी फोन कुठे करायचा हे छापावं लागतं. वजन म्हणजे आतल्या मेणाचं १६० ग्रॅम, काचेसकट नाही. आता गंमत बघा. पाचगणीला ३५५ ला घेतलेल्या बाईकडे तुमचा नंबर आहे. तिने फोन केला आणि तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून घ्या, २२० ला देते", तर महिन्याभरात दुकानदाराला कळणार आणि तुमचा माल खालच्या फळीवर जाणार. एमआरपी सगळीकडे एकच ठेवा. ओळखीत सवलत द्यायची तर ती एमआरपीवरून द्या आणि तोंडाने सांगा.

जीएसटीचं विचारणारच असाल तर, महाराष्ट्रात मालाच्या धंद्याला वर्षाच्या ४० लाखांच्या आत नोंदणीची सक्ती नाही, तुम्ही त्याच्या आसपासही नाही. नोंदणी नाही म्हणून मेणावर-काचेवर भरलेला कर परत मिळत नाही, तेव्हा तो खर्चातच धरलात ते बरोबर केलंत. दुसऱ्या राज्यात माल पाठवायची वेळ आली तर तेव्हा सीएला एकदा विचारा, तिथे नियम वेगळे लागतात. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

वसईचा मेणवाला

वाईकरीण ताई, आमचा धंदा तुमच्यापेक्षा अगदी वेगळा, तरी लिहितो.

आमच्याकडे आजोबांपासून साध्या पॅराफिनच्या मेणबत्त्या. चर्चला लागणाऱ्या, २ नोव्हेंबरला कबरींवर लावायच्या, शिवाय वांद्र्याच्या मोत मावलीच्या जत्रेसाठी मेणाचे हात, पाय, घर, बाळ. ही जत्रा ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर असते. कुणाचा गुडघा दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, कुणाला घर हवं तो मेणाचं घर. गिऱ्हाईक तिथे वास बघत नाही, लेबल बघत नाही. नवस बोललेला असतो.

आम्ही कधी नगाचा खर्च काढला नाही. किलोचा काढतो. एक किलो मेणात ५० ग्रॅमचे २० नग पडायला हवेत. १९ पडले तर साचा झिजलाय किंवा ओतणाऱ्याचा हात सैल आहे. बाबा अजूनही संध्याकाळी पत्र्यावर सांडलेलं मेण खरवडून तोलतात, मगच चहा घेतात. तुम्ही पण हे करून बघा. २४ जारांना किती मेण घेतलंत आणि जारांत किती गेलं. फरक भांड्याला चिकटलेला असतो, ओट्यावर असतो. तुमच्या मेणाचा किलोचा भाव आमच्या दुप्पट, मग खरवड पण दुप्पट महाग.

दुसरं, तुमच्या गिऱ्हाइकाला आमची मेणबत्ती दाखवून कुणी म्हणेल, ही बघा १० रुपयांना मिळते. वाद घालू नका. लाइट गेल्यावर लावायची ती आमची, पाहुणे आल्यावर लावायची ती तुमची. आमच्या भावाशी बरोबरी करायला गेलात तर दोघं मरू.

पणतीवाला

स्पष्ट बोलतो, राग नसावा. एका मेणबत्तीला ३५५ रुपये? दिवाळीला डझनभर पणत्या आणि पावशेर तेल यात चार दिवस घर उजळतं. पाचगणीला जाणारा माणूस स्ट्रॉबेरी आणि चिक्की घेईल की हे?

वाईकरीण

@पणतीवाला, राग कसला, माझ्या नवऱ्याचंही हेच मत आहे. पण प्रयोगशाळेची सवय जात नाही म्हणून तोलून बघितलंय. चार तास जाळली की १९ ग्रॅम मेण जातं, म्हणजे तासाला पावणेपाच. १६० ग्रॅमला ३३ तास आले. तळाला सेंटिमीटरभर राहिलं की विझवावी, नाहीतर काच तापते, म्हणून ३० च धरते. ३५५ ला ३० तास, तासाला १२ रुपये. रोज संध्याकाळी तासभर लावली तर महिना जातो. हे लेबलवर छापायचं आजवर सुचलंच नव्हतं, तुमच्यामुळे सुचलं.

@मेणवाला, आजच तोललं. ३ किलो ६५० ग्रॅम मेण घेतलं होतं, जारांत गेलं ३ किलो ५५२. म्हणजे ९८ ग्रॅम भांड्यात आणि ओट्यावर, एकतीस रुपयांचं. ते मी दर वेळी गरम पाण्याने सिंकमध्ये घालवत होते! नळ दोनदा का तुंबला तेही कळलं. आता भांडं गरम असतानाच कागदाने पुसून घेते आणि खरवड घरच्या पणत्यांत वापरते. (बघा पणतीवाले, शेवटी पणतीच.)

ऊन_अकोल्याचं

वाईकरीण, कुरिअरने पाठवायचा विचार असेल तर माझ्या पैशांनी शिका.

एक, खोक्याचं वजन. कुरिअरवाले काटा बघतात, आणि लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले ५००० हेही बघतात, दोहोंत जे जास्त ते लावतात. काच फुटू नये म्हणून मी बबल रॅप गुंडाळून १५ सेंटिमीटरचा चौकोनी खोका केला. मेणबत्ती सगळी मिळून साडेचारशे ग्रॅम, आणि बिल पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे एक किलोच्या टप्प्याचं. दोन मेणबत्त्या २८ बाय १५ बाय १५ मध्ये बसवल्या तर दीड किलोचा टप्पा. नगामागे एकदम पाव किलोने कमी. तेव्हापासून एकटी मेणबत्ती पाठवतच नाही, दोनचाच संच.

दोन, आमच्याकडचा मे महिना. जारमध्ये ओतायचं सोया मेण ५० अंशांच्या अलीकडेच पातळ व्हायला लागतं. इथे सावलीत ४५ असतं, मग पत्र्याच्या टेम्पोत काय असेल ते तुम्हीच बघा. गेल्या वर्षी एक पार्सल पोचलं तेव्हा घेणाऱ्या ताईने फोटो पाठवला, मेण झाकणाला चिकटलेलं, वात आडवी झोपलेली. पैसे परत केले आणि वर नवीन पाठवली. आता १५ एप्रिल ते १५ जून विदर्भ-मराठवाड्यात पाठवत नाही. ते दोन महिने रिकामे जातात, म्हणून उरलेल्या दहा महिन्यांच्या किमतीत ते धरलेत.

पाचगणीला थंड हवा आहे, तिथे ही भानगड नाही. पण पसरणी घाट चढताना खोके कसे रचता ते सांगा बरं.

वाईकरीण

घाटात एसटीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन बसते. खाली ठेवले तर दुसऱ्या वळणालाच खणखण ऐकू येते.

काल जाऊन आले दुकानात, म्हणून सगळ्यांना सांगते.

आकडे वहीत लिहून नेले आणि वही त्याच्यापुढेच उघडली. २९९ ला मला ९ रुपये सुटतात, हे बघून तो हसला. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं तुम्ही हौसेला करता." हे वाक्य मला जरा लागलं, पण खोटं कुठे होतं?

खोका त्याला नकोच होता. फळीवर गिऱ्हाईक झाकण उघडून वास घेतं, खोका उघडून कुणी बघत नाही, असं त्याचं म्हणणं. खोक्याऐवजी ४ रुपयांचा कागदी पट्टा घातला, १४ रुपये तिथेच वाचले. खर्च १८५ वरून १७१ वर आला. कमिशन ३५ वरून ३० वर आणलं, पण त्या बदल्यात एमआरपी ३५५ नको, ३४० च्या वर आमच्याकडे गिऱ्हाईक थांबत नाही, म्हणाला. ३४० चे ७० टक्के २३८. म्हणजे ६७ सुटतात. दुकानात फुटलं तर निम्मं-निम्मं. हे त्याने कबूल केलं, आणि मी तिथेच एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. १८ नग ठेवून आले. स्ट्रॉबेरीच्या वासाच्या सहा मागितल्या होत्या त्याने. मला तो वास औषधाच्या गोळीसारखा वाटतो, पण केल्या. मोगऱ्याच्या सहा आणि माझ्या आवडत्या गवती चहाच्या सहा.

ओळखीतल्या लोकांना नवा भाव ३०० सांगितला. भिशीतल्या दोघींनी तोंड वाकडं केलं, एकीने चार घेतल्या. २२० ची सवय मीच लावली होती.

दिवाळीआधी १०० नग करायचे आहेत, एकटीने होणार नाहीत. म्हणून लेबलं आणि पट्टे लावायला जाऊबाईंनाच बोलावलं. काल दुपारी बसल्या, ५० मिनिटांत २४ नग तयार, माझ्यापेक्षा सरळ लेबलं लावतात. उठताना पदर खोचत म्हणाल्या, "८० ने ५० मिनिटांचे सदुसष्ट होतात. सुटे नसतील तर सत्तर दे."